सलीमचं नाव पुढं केलं तेव्हा

ती चूक माझी होती. हे वाक्य सलीम असताना लिहिलं असतं तर त्याला काही किंमत होती. तो जाऊन सात आठवडे झाल्यावर ते लिहिणारा माणूस काय लायकीचा, हे वाचकांनी ठरवावं. माझं ठरलेलं आहे.

तो गेल्याचं आमच्या जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. हृदयविकाराचा झटका. ज्यांनी त्याच्या कामाची टिंगल करण्यात वर्षं घालवली, त्यांनीच पाच मिनिटांत ‘हिरा हरपला’ लिहिलं. मीही जोडलेल्या हातांची दोन चित्रं टाकली. एवढंच जमतं आम्हाला.

आमची कंपनी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांसाठी, सॉफ्टवेअर करायची. कंपनी कसली... चार टेबलं, आणि प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगळी मांडणी. माझ्याकडे चालणारा प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर आडवा पडायचा. मग आमच्यातला एखादा मोटारसायकल काढून जायचा, तिथंच काहीतरी खटपट करून तो उभा करायचा आणि मालकाकडचा चहा पिऊन छाती काढून परत यायचा. या अडाणीपणाला आम्ही अनुभव म्हणत होतो.

सलीमला हे सहन होत नव्हतं. त्याचे वडील फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा घेण्याचे नमुने, करायचे. “अब्बांच्या पॅटर्नला कारखान्यात कुणी कानस लावली की ते त्या दिवशी जेवायचे न्हाईत,” तो सांगायचा. त्याने आधी व्हर्च्युअल मशीन करून पाहिलं, म्हणजे एका संगणकात दुसरा अख्खा संगणक. आमचे जुने लॅपटॉप धापा टाकायला लागले. मग तो कंटेनरकडे वळला. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकाच डब्यात बंद. आमच्याकडे तोच, गिऱ्हाइकाकडेही तोच.

“चालू डब्यात हात घालायचा न्हाई,” तो मला बजावायचा. “नवा डबा चढला की आत केलेलं सगळं जातंय. काय बदलायचं ते मूळ फाइलीत लिहा की.”

“चालतंय न्हवं? मग मला कशाला शिकवतोस?” मी म्हणायचो.

एका दुपारी एका फौंड्रीच्या भट्टीचं तापमान चुकीचं नोंदलं जात होतं. मी ऑफिसातूनच चालू कंटेनरमध्ये शिरलो, दुरुस्ती केली आणि कुणाला सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी सलीमने नवा कंटेनर चढवला. माझी दुरुस्ती पुसली गेली, नोंदी पुन्हा चुकल्या आणि दिवसभराचं ओतकाम भंगारात गेलं. फौंड्रीच्या मालकाने आम्हा दोघांना बोलावून सगळ्या सुपरवायझरांसमोर विचारलं, “कुणी केलं हे?”

“नवीन व्हर्जन सलीमनं कालच टाकलंय,” मी म्हणालो.

शब्द न् शब्द खरा होता. असला खरेपणा माझ्यासारख्यांनाच साधतो. महिन्याभरात सलीमने नोकरी सोडली. शिरोलीत त्याला पुन्हा कुणी दारात उभं केलं नाही. शेवटपर्यंत तो हातकणंगल्यात एका संगणकाच्या क्लासवर शिकवत राहिला.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोला, हसीनाभाभींना, सगळं सांगितलं.

“त्यांना ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “आत कोण शिरलं त्याची नोंद ऱ्हाते म्हणे. त्याच दिवशी बघितली होती त्यांनी.”

“मग बोलला का नाही?”

“‘तो स्वतःच सांगंल,’ म्हणायचे. दोन वर्सं म्हणत होते. मग सोडून दिलं. मला कशाला सांगताय भाऊ? जिथं त्यांचं नाव घेतलं, तिथं जावा की.”

दुसऱ्या दिवशी त्या फौंड्रीत गेलो. मालक टाळत होते; मी हट्टाने सुपरवायझरांना बोलवायला लावलं.

“एवढ्या वर्सांनी आता काय उपेग हाय सायेब?” त्यांच्यातला एक म्हणाला.

“काहीच नाही,” मी म्हणालो. “सलीम चुकला नव्हता. मी चुकलो होतो आणि त्याचं नाव पुढं केलं. त्याची माफी मागायची राहिली, म्हणून तुमच्यासमोर मागतोय.”