बोलणं दिसावं म्हणून

श्री. पुंडलिक भोळे, म्हणजे आपले नाना, यांची आणि माझी पहिली भेट जळगावात माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाली. कर्णबधिर मुलांची शाळा तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत नुकतीच सुरू झाली होती आणि नाना तिचे मुख्याध्यापक होते. रुमालात गुंडाळून त्यांनी एक श्रवणयंत्र आणलं होतं; पेटी छातीशी खिशात ठेवायची आणि तारेनं कानाला जोडायची, त्या जातीचं. हे मुंबईलाच पाठवावं लागेल, असं त्यांना दोन ठिकाणी सांगण्यात आलं होतं. मी उघडून पाहिलं. पेटी धडधाकट होती, तार आतून तुटली होती. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी पुस्तकं वाचून आणि हात भाजून घेऊन शिकलो, आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही.

तारेला डाख देता देता मी नानांना शाळेबद्दल विचारत होतो. पण मी मान खाली घातली की ते गप्प. मान वर केली की बोलणार. मनात म्हटलं, मानी गृहस्थ दिसतात, ऐकणाऱ्यानं तोंडाकडे बघितलंच पाहिजे. काम संपल्यावर नानाच हसले.

"रागावू नका, भाऊ. दिवसभर मुलांशी बोलतो. समोरच्याची नजर ओठांवर आल्याशिवाय माझं तोंडच उघडत नाही."

तेव्हापासून शाळेची यंत्रं माझ्याकडे येऊ लागली. नीट झालेली यंत्रं पोहोचवायला माझी मुलगी वंदना जायची. जायची आणि लवकर परतायची नाही. बी.ए. झाल्यावर एके दिवशी ती जेवताना म्हणाली की मला बी.एड. करायचंय, पण कर्णबधिरांसाठीचं, मुंबईला.

इथे एक खुलासा करतो, कारण लोक गल्लत करतात. नानांनी केली ती पदविका, वंदनाला करायची होती ती पदवी. काळ बदलला होता, पण घर सोडून मुंबईला जावं की नाही, हा प्रश्न तोच होता.

मी कुठलीही गोष्ट दोन्ही बाजूंनी तोलल्याशिवाय करत नाही. साधं बी.एड. जळगावात घरी राहून झालं असतं. मुंबईचं म्हणजे फी, वसतिगृह, जाण्यायेण्याचं भाडं, आणि वर मुलगी वर्षभर नजरेआड. त्यातच शिरपूरचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगी मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत जाणार म्हटल्यावर त्यांनी मध्यस्थाकडून विचारलं की तुमच्या घरात कुणाला तसलं काही आहे का. माझ्या मंडळींनी चार दिवस मला तोंड भरून बोलणी ऐकवली. म्हणायच्या, तुमची ती यंत्रं घरात आली नसती तर मुलीच्या डोक्यात हे आलंच नसतं.

शेवटी मी नानांच्या घरी गेलो. माझी खात्री होती की नाना खूश होतील, पाठवा म्हणतील आणि माझ्या मनाचा काटा एका बाजूला झुकेल.

नानांनी आधी मला चहा दिला आणि मग तोट्याची बाजू इतकी स्वच्छ मांडली की मी चाट पडलो. वर्षभराचा खर्च तर आहेच. परत आल्यावर नोकरी बहुधा विनाअनुदानित शाळेत, म्हणजे पगार नाही, मानधन. तेही संस्थेकडे असेल तेव्हा. अनुदान येईल असं सगळे म्हणतात. मी स्वतः किती वर्षं म्हणतोय ते तुम्हाला ठाऊक आहे, असं तेच म्हणाले. साध्या शिक्षकाला संध्याकाळच्या शिकवण्या तरी मिळतात, इथे त्याही नाहीत. आणि उद्या ही शाळा सोडावीशी वाटली तर दुसरी जवळ कुठे? धुळ्याला एक. मग लांबच.

"आणि जमेचं काय, नाना?" मी विचारलं.

नानांनी वरच्या ओठावरून बोट फिरवलं आणि मिशीची गोष्ट सांगितली. ती पुष्कळांनी ऐकली असेल, पण चुकीची. नानांनी मिशी प्रशिक्षणाला गेल्या गेल्या काढली असं काही जण सांगतात. तसं नाही. पहिल्या सरावपाठानंतर काढली. मी त्यांच्याकडून पुन्हा विचारून खात्री करून घेतली आहे.

नाना असोद्याचे, केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरचे. हायस्कुलात कायम नोकरी होती. पण चुलतभावाच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि तिला कोणतीच शाळा घेईना. म्हणून चाळिशी उलटलेली असताना, घरी बायकोमुलं असताना, बिनपगारी रजा काढून ते मुंबईला प्रशिक्षणाला गेले. तेव्हा त्यांना झुपकेदार मिशी होती. पहिल्या पाठाला सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता, पण कुणाला काही कळेना. पुढच्या बाकावरच्या मुलीनं आपल्या ओठावर आडवी बोटं धरून दाखवली. मिशीनं वरचा ओठ झाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना न्हाव्याकडे गेले.

पुढे सुटीत ते असोद्याला आले. डोक्यावर टोपी, ओठ सफाचट. आपल्याकडे बाप गेल्याशिवाय मुलगा मिशी काढत नाही. एस.टी.तून उतरताना पाहणाऱ्यानं टोपीखाली केस आहेत की नाहीत हे बघितलं नाही. तो पुढे पळाला आणि त्यानं आळीत वर्दी दिली. बायका पदर डोळ्यांना लावून घराकडे निघाल्या. येऊन पाहतात तो नानांचे वडील, आबा, ओट्यावर बसून सुपारी कातरताहेत. आबांनी त्या गर्दीकडे बघितलं, मागून येणाऱ्या मुलाकडे बघितलं, आणि म्हणाले, "मी जित्ता हाये, भो. रडता काऊन?"

गावानं हसून घेतलं, पण आबांना ते लागलं होतं. दोन दिवस ते नानांशी बोलले नाहीत. चालू पगार सोडलेला त्यांनी सोसला होता, ही मिशी त्यांना सोसवेना. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी ताटावरून मान न उचलता विचारलं, "त्या पोराईले आता तुहं बोलनं दिसते का?"

"दिसतं, आबा."

"मंग राहू दे."

गोष्ट सांगून झाल्यावर नाना मला म्हणाले, "जमेला एवढंच आहे, भाऊ. ते पगारात धरता येत नाही, म्हणून विचारल्याशिवाय मी कुणाला सांगत नाही. आता वंदनाला आठवडाभर वर्गात बसू द्या. ठरवायचं तिनं. तुम्ही नाही, मीही नाही."

वंदना बसली. नाना त्या आठवड्यात एका मुलाला 'प' शिकवत होते. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. 'प' नीट आला तर पट्टी हलते. त्या मुलाची पट्टी हलत नव्हती. नाना न चिडता, न थकता त्याच्यासमोर बसून राहायचे. शनिवारी ती हलली. मुलानं पट्टी घरी नेली आणि सोमवारी बापाला हाताला धरून शाळेत आणलं. त्याला समोर बसवलं, त्याच्या ओठांपुढे पट्टी धरली आणि नानांसारखाच गंभीर चेहरा करून वाट बघत राहिला. बापानं 'प' म्हटल्यावर त्यानं मान डोलावली.

त्या संध्याकाळी वंदना दुकानात आली. माझ्या समोरच्या स्टुलावर बसली, मी मान वर करेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "अप्पा, तुमचा हिशेब बरोबर आहे. मला जायचंय."

ती गेली. वसतिगृहाची जागा नानांनी जुन्या ओळखीतून मिळवून दिली. गाडीवर पोहोचवायला ते स्वतः आले, आणि मुंबईची कामं काढून अधूनमधून तिला भेटून यायचे. त्यांतली बरीच कामं मुळात नव्हतीच, हे मला फार उशिरा कळलं. पदवी घेऊन ती धुळ्याच्या शाळेत लागली. नानांनी सांगितलेलं सगळं अक्षरशः घडलं: मानधन, तेही थकलेलं, आणि अनुदानाची वाट. शिरपूरचं स्थळ गेलं ते गेलंच. पुढे धुळ्याचाच एक समजूतदार मुलगा मिळाला, पण तोवर घरातलं वातावरण सोपं नव्हतं. त्या दिवसांत नाना दुकानावरून जाताना थांबायचे, मी मान वर केली की विचारायचे, "हिशेब कुठवर आला?" मी म्हणायचो, चालू आहे. ते पुढे जायचे.

एकदा यंत्रं दुरुस्त करायला मी धुळ्याला तिच्या शाळेत गेलो. दारात उभा राहिलो. वंदना खिडकीच्या समोर, तोंडावर उजेड येईल अशी उभी होती. मुलांची चुळबुळ चालू होती. ती गप्प होती. शेवटच्या मुलाची नजर वर आली, तेव्हा तिनं तोंड उघडलं. मी अवजारांची पिशवी खाली ठेवली आणि तास संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो. जळगावला परतल्यावर आधी नानांकडे गेलो आणि सांगितलं, "नाना, हिशेब मिटला." त्यांनी चहा मागवला.

आता नाना साठीत आले, निवृत्तही झाले. आबांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा सत्कार करायचा आणि हा गौरवग्रंथ काढायचा ठरल्यावर आमच्या गौरव समितीतल्या एका सभासदानं सुचवलं की नानांनी आता मिशी राखावी, ग्रंथातला फोटो भारदस्त येईल. नानांनी विचारलं, "सत्काराला मुलं येणार आहेत ना?" त्यांची मुलं म्हणजे आता पस्तिशीकडे झुकलेले बापे आणि लेकुरवाळ्या बाया. येणार आहेत, असं आम्ही म्हटलं. "मग माझं भाषण त्यांना दिसायला नको?"

म्हणून या ग्रंथातल्या फोटोत नानांच्या ओठांवर मिशी नाही, आणि सभागृहात व्यासपीठावरचा दिवा त्यांच्या तोंडावर येईल असा मी स्वतः लावणार आहे. नानांची तब्येत खणखणीत राहो, डोळे आणि आवाज शाबूत राहोत. पंच्याहत्तरीलाही ते असेच उजेडात उभे राहोत आणि आम्ही सगळ्यांनी माना वर करेपर्यंत थांबोत. आम्ही करू.