भावाला चढवलेली वर्दी

पनवेलात माझा फोटो स्टुडिओ होता तेव्हा पासपोर्ट फोटोला कोट चढवायची पद्धत जोरात होती. गिऱ्हाईक बनियनवर आलं तरी चालायचं. कॉम्प्युटरात आठ-दहा कोट टायसकट तयार असत. मान जुळवायची, रंग जरा उजळायचा, झालं काम. मी त्यात इतका तरबेज की मुलीकडची माणसं फोटो बघून हो म्हणत आणि मुलगा बघून एकमेकांच्या तोंडाकडे पाहत.

माझा धाकटा भाऊ याला सरळ फसवणूक म्हणायचा. मिठागरात राबलेल्या बापाचा हा पोरगा परीक्षा देऊन घाटावरच्या जुन्या लष्करी प्रबोधिनीत लागला, तेव्हा गावाने त्याची वाजतगाजत मिरवणूक काढली. पहिलं वर्षभर त्याचे फोन यायचे. रविवारी घरच्यांना भेटू देतात, कॅमेरा घेऊन ये, सगळं फिरवून दाखवतो, असं म्हणायचा. पण आमच्या गावांत लग्नसराईचा रविवार हळदीवाचून जात नाही आणि हळदीची ऑर्डर सोडायची तर माझ्या जिवावर यायचं. मी म्हणायचो, तू काय घरचाच आहेस, शिकून बाहेर पडशील त्या दिवशी चांगला फोटो काढू. गावभरच्या नवरदेवांचे अल्बम माझ्याकडे आणि सख्ख्या भावाचा वर्दीतला एक फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या वर्षी तो गणपतीला सुटीवर आला आणि जासईजवळ न्हावा शेव्याला जाणाऱ्या ट्रेलरखाली त्याची मोटारसायकल गेली. याहून जास्त मला आजही लिहिता येत नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, त्याचा वर्दीतला फोटो लाव. तसा फोटोच नाही, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. एका हळदीत काढलेल्या फोटोतून त्याचा चेहरा कापला, गालावरची हळद पुसली, इंटरनेटवरून कुणा परक्याची वर्दी उचलली आणि मान जुळवली. मग हात सवयीने चालतच राहिला. रंग उजळला, पुढच्या दातांमधली फट बुजवली, खांदे सरळ केले. त्यानेच पोस्टाने पाठवला होता, असं आईला ठोकून दिलं. ती रोज त्या फोटोला हार घालू लागली, त्याच्याशी बोलू लागली. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसायचो.

अशी सहा-सात वर्षं गेली. मग एका गिऱ्हाइकाकडून कळलं की ठरावीक दिवशी प्रबोधिनी बाहेरच्यांना बघता येते. फाटकावर नाव लिहायचं, ते नकाशाचा कागद देतात, फोटो काढायच्या जागांवर खुणा असतात आणि आपलं आपण फिरायचं. मी आईला काही न सांगता पनवेल स्टँडवरून सकाळची एसटी धरली.

जे त्याने मला हात धरून दाखवायचं होतं ते मी कागद बघत एकट्याने बघितलं. घुमटाची दगडी इमारत, चौथऱ्यावर चढवून ठेवलेला जुना रणगाडा, दोन्ही बाजूंनी झाडं असलेला लांबच लांब रस्ता. मेला धंद्याचा डोळा काही केल्या मिटत नाही. ऊन कुठून येतंय, खांब तिरपे तर दिसत नाहीत, हेच बघत होतो. कवायतीच्या मैदानाशी कॅमेरा डोळ्याला लावला तर आत नुसती मोकळी जमीन. इथे तो उभा राहिला असता, मी त्याला हनुवटी वर कर म्हटलं असतं आणि तो हसला असता. मी कठड्यावर बसून रडलो. एका हळदीचे किती मिळायचे ते आता आठवतही नाही.

कागदावरची शेवटची खूण होती एका दालनाची. तिथे भिंतीवर दरवर्षी दाखल झालेल्या मुलांचे एकत्र फोटो होते. त्याच्या वर्षाच्या फोटोवरून मी दोनदा नजर फिरवली आणि मला तो सापडला नाही. शेवटी खालच्या बारीक अक्षरांतल्या नावावरून रांग मोजत गेलो. डोकं तासलेलं, उन्हाने करपलेला, एक खांदा जरा उतरलेला, आणि दातांमधली फट दाखवत मनापासून हसणारा. तो तोच होता. काचेवर खिडकीचा उजेड पडत होता. तिथल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला मी याचा भाऊ असल्याचं सांगितलं, तर तो उजेड अडवायला खिडकीसमोर जाऊन उभा राहिला, आणि मी फोटो काढला.

घरी येऊन तेवढा चेहरा मोठा करून छापला. या वेळी एका ठिपक्यालाही हात लावला नाही. आईला सगळं खरं सांगायचं, पाया पडायचं आणि भिंतीवरचा फोटो उतरवून हा लावायचा, असं ठरवलं होतं. ती ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. मी फोटो तिच्या हातात दिला.

तिने हात पदराला पुसले, फोटो उजेडाकडे धरला, डोळ्यांजवळ नेला. खूप वेळ बघितला. मग विचारलं, "कोन रं हा?"

मी म्हटलं, नीट बघ. तिने पुन्हा बघितला. तिच्या खऱ्या मुलाला मीच पुसून टाकलं होतं, रोज थोडं थोडं, तिच्याच हातच्या हारांखाली. आता मी काय सांगणार होतो तिला? हा तुझा, आणि तू इतकी वर्षं ज्याच्याशी बोलतेस तो कुणीच नाही?

"त्याच्या बरोबरचा होता," मी म्हटलं.

तिने त्या चेहऱ्यावरून एकदा बोट फिरवलं आणि फोटो मला परत दिला.

"ग्वाड हसतंय पोर," ती म्हणाली. "त्याच्या आयशीला नेऊन दे. ती वाट बघत असंल."