घरची बोली

निजामाचं राज्य गेलं आणि पुढच्याच वर्षी आम्हा मास्तरांना तालुक्याच्या कचेरीतून हुकूम आला. मुरुम गावात घरोघरी जाऊन घरची बोली कोणती ते लिहून आणायचं. कशासाठी, ते कुणी सांगेना. हैदराबादचे तुकडे पडणार, बोली बघून शीव आखणार, अशी कुजबुज मात्र पारावर होती.

"मास्तर, खरं सांगा, कशापायी लिहिता?" लोक दारातूनच विचारायचे. कागदावर नाव चढलं की संकट घरात आलं, हे त्यांना निजामाच्या अमलानं शिकवलं होतं. माझाही कुणावर विश्वास नव्हता. लेकाचे शेजाऱ्यानं काय सांगितलं ते आधी विचारून यायचे आणि मग तोंड उघडायचे.

आमचं घर मी शेवटी ठेवलं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती माझ्याशी मराठीत बोलायची, माझ्या बहिणीशी चुलीपुढं कन्नडात. मी मराठी लिहिणार, तोच ती म्हणाली, "कन्नड लिही."

माझं डोकंच सणकलं. "कुणी पढवलं तुला?"

"कुणी न्हाय. लेक आळंदकडं दिली, तिकडं समदे कन्नड. शीव पडली तर म्या तिच्याकडंच पडावं."

अव्वाचं माहेर अक्कलकोटाकडं, निजामाच्या हद्दीबाहेर. आजी गेली तेव्हा नाक्यावरच्या शिपायांनी अव्वाचं गाठोडं सोडायला लावलं, दुपारपर्यंत बसवून ठेवलं. ती पोचली तोवर माती झाली होती. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी वाटलं, हिला कुणीतरी फितवलंय. "बरं," म्हणालो आणि मराठी लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

पंचमीला बहीण माहेरी आली. बोलता बोलता म्हणाली, "आमच्यात लिहायला आलेते, तवा म्या मराठी सांगितलं. अव्वाच्या बाजूला ऱ्हावं म्हणून."

अव्वानं हातातलं सूप खाली ठेवलं. "माझं खोडून मराठी लिही रे. लई चुकलं माझं."

मराठीच लिहिलंय, एवढंच सांगायचं होतं. पण मग फसवल्याचंही सांगावं लागलं असतं. "कागद गेले," मी म्हणालो.

काही वर्षांनी शीव खरंच पडली. आळंद तिकडच्या राज्यात गेलं, मुरुम इकडं राहिलं. मरेपर्यंत अव्वा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या एका शब्दानं लेक तिकडं गेली." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी मी शेजारीच बसलेला असायचो, गप्प.