चारीच्या ग्रुपवरची अनामत

चौदा मार्च. गाईसाठी घास कापत होते, तेवढ्यात बांधावरून धाकटी जाऊ आली.

"बाई, काल माझी पाण्याची पाळी हुती, पर चारी कोरडीच."

तिचा कांदा पोसायला लागला होता. चारीने येणारं कालव्याचं हे पाणी चुकलं की नुसती गोल्टी, बारका कांदा, निघणार.

"मग ग्रुपवर का नाही टाकलंस?"

"अनामत कापली असती तर?"

विळा तिथंच ठेवला. अनामतीची कल्पना माझीच. पाण्याच्या बाबतीत कुणाचा कुणावर भरवसा नाही, म्हणून चारीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आम्ही सगळ्यांनाच अ‍ॅडमिन केलेलं. सगळेच मालक म्हटल्यावर कचरा काढणार कोण? फुलं, देव, पंपाच्या जाहिराती, आणि पाळी बदलल्याचा निरोप त्याखाली गाडलेला. म्हणून ठरवलं, प्रत्येकाने मोबाईलवरून चारीदुरुस्तीच्या खात्यात दोनशे रुपये ठेवायचे. फालतू काही टाकलं आणि तिघांनी हरकत घेतली की ते जप्त. पुन्हा भरल्याशिवाय बोलायचं नाही.

पंपाचं दुकान असलेल्या चुलत दिरांचे दोनशे पहिल्याच दिवशी गेले. त्यांनी लगेच दुसरे भरले, पुन्हा जाहिरात टाकली, वर मला फोन केला. "वहिनी, एवढ्या पैशात पेपरात जाहिरातीचा चौकोन पण मिळत न्हाई. कापा की."

म्हणजे ज्यांना गप्प करायचं ते पैसे भरून बोलणार, आणि जिची चारी कोरडी ती दोनशे रुपयांच्या भीतीने तोंड मिटून बसणार. माझं डोकंच फिरलं.

"अगं, पाणी आलं नाही हे फालतू आहे का?"

"कुणाला काय फालतू वाटंल, मला काय ठावं? हरकत घ्यायला तिघं लागत्यात. चारीच्या वरच्या अंगाला सगळी त्या पंपवाल्या दिरांचीच भावकी हाय."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं: पाण्याच्या निरोपावर हरकत चालणार नाही, आणि जाहिरात करणाऱ्याची अनामत दर वेळी दुप्पट. दिरांनी हसरा चेहरा पाठवला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी जावेला मोबाईलसकट चारीवर उभं केलं. कोरड्या चारीचा फोटो तिनेच काढला, आणि माझ्यादेखत बोलून पाठवलं, "परवाच्या पाळीचं माझं पाणी अजून आलं न्हाई. वर कुनी अडवलंय ते सांगा." उत्तराची वाट न बघता मी फावडं घेतलं आणि चारीच्या कडेने वर चालू लागले.