तिरुच्चीहून मेलबर्न

विमानाने कुठून कुठे जायला किती वेळ लागतो, हा प्रश्न तंजावरात कुणाला पडला आणि तो माझ्या आतोबांपर्यंत पोचला नाही, असं कधी घडलंच नाही. वीज खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस चेन्नैच्या पलीकडे कधी गेला नव्हता, आणि चेन्नैलाही गेला तो रेल्वेनेच. पण गल्लीतलं कुणाचं पोर परदेशी निघालं की त्याची आई आधी कोपऱ्यावरच्या देवळात जायची आणि मग आतोबांकडे. लग्नाच्या बोलणीत मुलगा टोरांटोला असतो एवढं कानावर पडलं, की हातातली इडली ताटात ठेवून ते सरसावून बसत. "अंतर वेगळं आणि वेळ वेगळा, हां! दुबईला किती ताटकळावं लागतं ते विचारा आधी." एकदा एका वरबापाला त्यांनी भर पंगतीत इतकं दुरुस्त केलं, की ते स्थळच हातचं गेलं.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाला मेलबर्नमध्ये मुलगा झाला. आत्या सुनेच्या मदतीला आधीच गेली होती. मागून आतोबांचं तिकीट आलं. सिंगापूरला चार तास, तिथून पुढे साडेसात, हे गल्लीतल्या गाईंनासुद्धा पाठ झालं. निघताना शेजाऱ्यांनी हार घातले. त्यांनीही ते व्हॅन वळेपर्यंत गळ्यातून काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला वीणेच्या क्लासला सोडायला जवळच्या तिरुवैयारूला गेले, तर कावेरीच्या घाटावर आतोबा! अंगात नवा कोट, शेजारी सूटकेस. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"आतोबा, काय झालं?"

"विमानाच्या दारापर्यंत गेलो गं. पाऊलच उचलेना. मागे माणसं खोळंबली. ती दारातली पोरगी 'वांगो अप्पा, या' म्हणत हात पुढे करत होती. मी मागे फिरलो."

"आत्याला कळवलंत?"

त्यांनी खिशातून फोन काढला. फोन बंद होता. "काय सांगू तिला? सगळ्या गावाला मी वाट दाखवली, आणि..." परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे ते पायरीकडे बघत बसले.

मीच फोन लावून दिला. पलीकडे आत्या आधी रडली, मग कडाडली. "जिवंत आहात ना? सरी, ठीक आहे. आधी घरी जाऊन जेवा!"

त्यानंतर आतोबा गल्लीत दिसेनासे झाले. दूध आणायलाही मागच्या दाराने जात. कुणी त्यांना चिडवलं नाही; तेच त्यांना जास्त लागलं.

आत्या परतली तेव्हा मी त्यांना बळेच तिरुच्चीला नेलं. ते विमानतळाबाहेर एका खांबाआड उभे राहिले. आत्या आली आणि तिने सामानाची गाडी त्यांच्या हातात दिली.

"नातू तुमच्यावर गेलाय," ती म्हणाली.

आतोबांनी मान खाली घातली. "भित्रा?"

"छे हो! कान."

त्यांचा हात आपसूक स्वतःच्या कानाकडे गेला. तंजावर येईपर्यंत, गाडीच्या काचेत बघत, ते कान हळूहळू चाचपत राहिले.