लुआरकाठचं शटडाऊन

आमच्या सायकल ग्रुपची शुक्रवारची राइड दोन तासांत आटपते. नंतर बहरैनच्या हूरा भागातल्या कॅफेटेरियात जो चहा होतो, तो मात्र अकरा वाजेपर्यंत उठू देत नाही. प्रत्येक राइडमधून एकदोन किस्से निघतातच, आणि ते वेळच्या वेळी सांगून टाकले नाहीत तर पुढच्या शुक्रवारचे त्यांच्या डोक्यावर येऊन बसतात. फ्रान्सहून आल्यापासून तर ढीगच झालाय. गुरव म्हणाला, "देसाई, तू एकदाचं लिहून काढ. म्हणजे आम्हाला दुसरं काहीतरी बोलता येईल!"

तर आम्ही चौघं. मी देसाई, कराडकडचा, बहरैनमध्ये एसीच्या कंपनीत सुपरवायझर. गुरव संगमेश्वरचा, ट्रेलर चालवतो. पाटणकर मॅडम शाळेत गणित शिकवतात आणि सायकलवर आम्हा तिघांना मागं टाकून पुढं जाऊन घड्याळ बघत उभ्या राहतात. आणि इस्माईलभाई, दापोलीजवळच्या एका गावचे, मआमीरला एका कारखान्यात स्टोअरकीपर. वय चोपन्न. ग्रुपमधले सगळ्यात हळू आणि सगळ्यात नियमित.

फ्रान्समध्ये लुआर नावाची नदी आहे, तिच्या काठानं राजेलोकांचे जुने महाल आहेत आणि त्या काठानं सायकलचा रस्ता आहे, हे मॅडमनी शोधून काढलं. दोन वर्षं आम्ही नुसतं बोलत होतो. तिसऱ्या वर्षी मॅडम म्हणाल्या, "आता जाऊ या, नाहीतर हा विषय बंद." विषय बंद करायची कुणाची हिंमत नव्हती.

*

फ्रान्स म्हणजे डोंगर, एवढीच आमची माहिती. आणि बहरैन म्हणजे तवा! चढ कुठून आणायचा? शेवटी सित्राकडे जाणारा पूल धरला. पहाटे पूल चढायचा, उतरायचा, वळायचं, परत चढायचा. ऑगस्टमधली पहाट, घामानं हँडल हातातून निसटायचं.

अकराव्या फेरीला पोलिसांची गाडी आडवी आली. तरुण पोलीस होता, चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. इस्माईलभाई सगळ्यात मागं, त्यामुळे तेच त्याला सापडले.

"सदीक, वेन रूह?" म्हणजे, मित्रा, कुठं निघालास?

इस्माईलभाईंना खोटं बोलायची सवय नाही. निदान तेव्हा तरी नव्हती. धापा टाकत ते म्हणाले, "फ्रान्स."

पोलिसानं त्यांच्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, मग अगदी प्रेमानं मुहर्रककडे बोट केलं. "एअरपोर्ट तिकडे आहे!"

*

आता खोट्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

गल्फमधल्या माणसाची रजा त्याची नसते. वर्षाला तीस दिवस मिळतात आणि ते गावचे असतात. इस्माईलभाईंच्या सत्तावीस वर्षांच्या रजा अशा गेल्या: बहिणींची लग्नं, घराचा पत्रा, विहीर, मुलाचं कॉलेज, मुलीचं लग्न, पुन्हा पत्रा. त्यातून जे दिवस उरायचे ते शहनाजभाभींचे. त्या गावी, हे इथं, मध्ये समुद्र.

फ्रान्ससाठी दहा दिवस लागणार होते. म्हणजे तिसातले दहा.

मॅडमनी विचारलं, "भाभींना सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"कारखान्यात शटडाऊन आहे, मशिनांच्या दुरुस्तीचं. यंदा वीसच दिवस मिळणार."

मी जरा तापट आहे, मी म्हणालो, "अहो, सरळ सांगून टाका की! काय खातायत काय त्या?"

"देसाई," ते म्हणाले, "भांडली तर मला चालंल. पण ती बोलायची नाय. 'बरं' म्हणेल आणि फोन ठेवेल. मग मी काय सायकल चालवणार?"

अकरा महिने वाट बघणाऱ्या बाईचे दहा दिवस आपण नदी बघायला घेतले, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

*

व्हिसाच्या मुलाखतीत खिडकीमागच्या बाईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही परत याल याची खात्री काय?"

आम्ही सगळ्यांनी पगाराची स्लिप, कंपनीचं पत्र, काय काय दाखवलं होतं. इस्माईलभाईंनी पिशवीतून रबर लावलेले जुने पासपोर्ट काढले. एकेक शिक्का दाखवत म्हणाले, "मॅडम, सत्तावीस वर्षं. गावाला गेलो, परत आलो. गेलो, परत आलो. एकदा पण मन नव्हतं. तरी परत आलो!"

बाईंनी पुढचा प्रश्नच विचारला नाही. व्हिसा सगळ्यात आधी त्यांचा आला!

*

पॅरिसला उतरलो. तीन सायकली आल्या, इस्माईलभाईंच्या सायकलचा खोका आला नाही. पट्टा फिरत राहिला, आम्ही बघत राहिलो. काउंटरवरच्या पोरीनं कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून सांगितलं की खोका आहे, पण कुठं आहे ते कळत नाही.

नदीकाठच्या गावात भाड्यानं सायकल मिळाली. लेडीज! पुढं वेताची टोपली, फिकट निळा रंग, आणि घंटी अशी की बदकंसुद्धा बाजूला व्हायची. इस्माईलभाईंनी टोपलीत पाण्याची बाटली, जाकीट आणि ब्रेड ठेवला, आणि पहिल्याच दिवशी आमच्या लक्षात आलं की सगळ्यात शहाणी सायकल तीच. दुपारपर्यंत माझं जाकीटही त्या टोपलीत होतं.

आणि रस्ता? सपाट! अख्खा उन्हाळा पूल चढून आलेले आम्ही, आणि समोर कॅरमबोर्डासारखी जमीन. गुरव इतका वैतागला की वाटेत एक छोटा कालव्याचा पूल लागला तो त्यानं तीनदा चढून घेतला.

*

गुरवचं आणखी एक. पंचवीस वर्षं ट्रेलर चालवलेला माणूस, पण सायकलवर बसला की त्याला प्रत्येक गाडीची भीती वाटते. आणि फ्रान्समध्ये भलतंच, सायकल दिसली की गाडीच थांबते!

एका गावात चौकात एक म्हातारी छोट्या गाडीतून आली. गुरव दिसल्यावर थांबली. गाडी दिसल्यावर गुरव थांबला. ती हातानं म्हणाली, जा. हा हातानं म्हणाला, आधी तुम्ही. ती हसली. हा छातीवर हात ठेवून वाकला. तीही गाडीत बसल्या बसल्या वाकली. मागं दोन गाड्या येऊन थांबल्या. हॉर्न म्हणून कुणी वाजवेना!

शेवटी मॅडम मागं वळून आल्या. "गुरव, निघा! त्या रिटायर झाल्यात, त्यांच्याकडे वेळ आहे. आपला महाल पाच वाजता बंद होतोय."

*

भाभींचा रोज दुपारी व्हिडिओ कॉल यायचा. इस्माईलभाई फोन वाजला की सायकल टाकून भिंत शोधत पळायचे. मागं झाड दिसता कामा नये, नदी तर मुळीच नाही. एकदा सापडली ती एका महालाची भिंत, कुठल्याशा राजानं बांधलेली. तिला पाठ लावून ते उभे राहिले.

"कुठं हो?"

"स्टोअरमध्ये."

तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली. ढण, ढण, ढण!

"कसली घंटा ती?"

"फायर ड्रिल."

"आणि जाकीट कशाला घातलंय?"

"एसी फार आहे. हा बघ, देसाई आलाय एसी बघायला." आणि फोन सरळ माझ्या हातात!

भाभी म्हणाल्या, "देसाईभाऊ, जरा कमी करा तो. ह्यांना लगेच सर्दी होते. आणि शटडाऊन कधी संपतंय ते साहेबांना विचारा."

मी "हो भाभी" म्हणालो. भाभींचा चेहरा समोर होता आणि मी राजाच्या भिंतीपाशी उभा राहून त्यांना एसी कमी करतो म्हणून सांगत होतो. मला माझीच लाज वाटली. फोन परत देताना मी इस्माईलभाईंवर खेकसलोसुद्धा. त्या दिवशी ते महाल बघायला आत आलेच नाहीत, बाहेर बाकावर बसून राहिले.

*

आता शेवटचा किस्सा.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही नदीकाठी गवतावर जेवायला बसलो होतो. ब्रेड, चीज, उकडलेली अंडी, आणि मॅडमनी आणलेलं लिंबाचं लोणचं. पलीकडच्या काठावर एक भलामोठा महाल. कॉल आला. आसपास भिंत नव्हती. इस्माईलभाईंनी घाईत जाकीटच डोक्यामागं धरलं आणि फोन उचलला.

"तुमची सायकल आलीये," भाभी म्हणाल्या.

"कुठं?"

"इथं. पडवीत."

खोक्याचा उलगडा आम्हाला तेव्हा झाला. गावी जाताना आपली माणसं खोक्याच्या चारी बाजूंना जाड मार्करनं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि घरचा फोन लिहितात. सत्तावीस वर्षांच्या सवयीनं इस्माईलभाईंनी फ्रान्सच्या खोक्यावरही तेच लिहिलं होतं! विमानाचा टॅग वाटेत कुठंतरी फाटला असणार. मग कुठल्यातरी विमानतळावरच्या प्रामाणिक माणसानं पत्ता वाचला आणि खोका थेट दापोलीला!

"फाटका कागद चिकटलाय त्याला," भाभी म्हणाल्या. "मास्तरांनी वाचला. पॅरिस लिहिलंय म्हणाले."

इस्माईलभाईंचा हात खाली आला. जाकीट गवतावर पडलं. गुरवनं तोंडातला घास तसाच धरला.

"शहनाज, शटडाऊन नाय," ते म्हणाले. "मी फ्रान्सला आलोय. रजा घेतली आणि घरी नाय आलो. पहिल्यांदाच. तुझे दहा दिवस घेतले मी."

आता 'बरं' म्हणतील आणि ठेवतील, असं वाटून मी नदीकडे बघत बसलो. मॅडमनी उगाच लोणच्याच्या बाटलीचं झाकण फिरवलं.

"मागं ते काय चमकतंय?" भाभींनी विचारलं.

"नदी."

"दाखवा."

त्यांनी फोन फिरवला. नदी दाखवली. मग पलीकडचा महाल.

"या अल्ला! एवढ्या खिडक्या? पुसतं कोण?"

कुणीच हसलं नाही. हसावं की नाही ते कळत नव्हतं.

"आणि त्या गायी? कुणी बांधत नाय त्यांना?" भाभी म्हणाल्या. "बसून काय राहिलात, पुढं चला की. पुढं काय आहे?"

मग गुरवनं बुटाची नाडी सोडून फोन टोपलीला बांधला, तोंड रस्त्याकडे करून. इस्माईलभाई निघाले, आम्ही तिघं मागून. मुक्काम अकरा किलोमीटरवर होता. पूर्ण अकरा किलोमीटर टोपलीतून भाभींचा आवाज येत होता. "सावकाश." "उजवीकडून गाडी येतेय." "ते द्राक्षांचे वेल का? जवळून दाखवा." "देसाईभाऊ मागं हायत का? त्यांना सांगा, एसीचं मी विसरले नाय!"

मॅडम इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळ्यात मागं राहिल्या होत्या.

मुक्कामाच्या दारात पोचलो तेव्हा फोनची बॅटरी तीन टक्क्यांवर आली होती. इस्माईलभाई सायकलवरून उतरले, टोपलीवर वाकले आणि हळूच म्हणाले, "आता बंद पडंल हा. शहनाज, रागावलीस?"

भाभी म्हणाल्या, "उद्या किती वाजता निघायचंय आपल्याला?"