उपासाच्या दिवशीची गोळी

आई गेल्यावर आबांनी तिची संकष्टी धरली. उभ्या आयुष्यात एक एकादशी न केलेला माझा बाप दर महिन्याला दिवसभर उपाशी राहू लागला आणि चंद्र दिसल्यावरच ताट वाढून घेऊ लागला. त्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, हे मला माहीत होतं. तरी मी काही बोलले नाही, कारण मला ते फार आवडलं होतं.

एका संकष्टीला ते घेरी येऊन ओट्यावरच बसले. शेजारच्या काकूंनी साखर चारली आणि मला फोन केला. बारामतीहून इंदापूरकडचं आमचं गाव गाठेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आबा खाटेवर निवांत.

"उपाशीपोटी गोळी कशाला घेतली?" मी त्यांच्यावर खेकसलेच.

"मोबाईल वाजला की घ्यायची, आसं तूच सांगितलं हुतंस. आठला वाजला. घेतली."

गोळ्यांची आठवण देणारं ते ॲप मीच त्यांच्या मोबाईलवर टाकलं होतं. उपास धरायचं सोडा म्हटलं, तर म्हणाले, "तुझ्या आईचं तेवढंच माझ्याकडं राहिलंय. ते न्हाय सुटायचं."

मी त्यांना तसंच डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी बजावलं, उपासाच्या दिवशी गोळी जेवण झाल्यावरच. ॲप ओपन सोर्स होतं. म्हणजे कोड सगळ्यांना खुला, कुणीही बदल लिहून पाठवावा, सांभाळणाऱ्यांनी तपासून घ्यावा. कॉलेजात मी हेच शिकवते, पण स्वतः कधी एक ओळ दिली नव्हती. आता संकष्टीला इंदापूरच्या चंद्रोदयाला गजर वाजेल असा बदल लिहिला आणि मोठ्या ऐटीत पाठवला.

ॲप सांभाळणारी बाई कुठल्याशा परदेशातली. तिने एवढंच विचारलं, "चंद्र उगवला की तुमचे वडील लगेच जेवतात का?" मी आबांना विचारलं.

"तो कॅलेंडरात उगवतो," आबा म्हणाले. "आपल्या उसातनं वर यायला त्याला अर्धा तास लागतो."

माझी सगळी हुशारी उसात अडकली. पुन्हा लिहायला बसले. या वेळी चंद्राचा नाद सोडला. उपासाच्या दिवशी ॲप आधी 'जेवलात का?' असं विचारेल आणि हो म्हटल्यावरच गोळीची आठवण देईल. बाईंनी शंका काढल्या, मी दुरुस्त्या केल्या, यात तीन-चार महिने गेले. तोवर दर संकष्टीला मीच आबांना फोन करायची. "जेवलात? मग घ्या आता गोळी." तेही दोन वाक्यांत आटपायचे.

शेवटी बदल स्वीकारला गेला. रोजे धरणाऱ्यांनाही तो कामाला येईल, असं बाईंनी खाली लिहिलं होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

पुढच्या संकष्टीला मी निर्धास्त होते. विचारायला ॲप होतं, म्हणून फोन केलाच नाही. नऊच्या पुढे आबांचाच आला.

"जेवलो गं."

"मग मोबाईलला सांगा की, आबा. तो विचारत असंल."

"इचारतोय की मघाधरनं. त्याला सांगतो सावकाश. म्हणलं, आधी तुला सांगावं."